लांब फ्लोट रॉडवर लागलेला बार्बेल वारंवार का सुटतो?

इंग्लंडमधील नद्यांवर फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीवरचा तरंगता खुणेचा तुकडा, वाहवून बार्बेल नावाचा मासा धरणाऱ्यांकडून दर हंगामात एकच तक्रार ऐकू येते. मासा गळाला लागतो, रॉड छान वाकतो, काही क्षण सारे सुरळीत चालते आणि मग एकाएकी ताण नाहीसा होऊन फ्लोट हवेत उडतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला निष्कर्ष असा असतो की रॉड कमजोर आहे. त्यामुळे पुढच्या खरेदीत तेरा फुटांऐवजी पंधरा किंवा सतरा फुटांचा आणि पहिल्यापेक्षा ताठ रॉड घेतला जातो. त्यानंतर मासे कमी सुटण्याऐवजी बहुधा अधिक सुटू लागतात. या तक्रारीचे मूळ क्वचितच रॉडच्या ताकदीत असते. बहुतेकदा ते रॉडची लांबी, त्याचा वाक आणि तो धरण्याचा कोन या तिहींचा मेळ न बसण्यात असते, आणि नेमके कुठे बिनसले आहे हे मासा कोणत्या क्षणी सुटला यावरून बरेचसे कळते.

बार्बेल हा रोहू आणि महाशीर यांच्याच विस्तृत कुळातला, तळाशी राहणारा मासा आहे. सपाट पोट, रुंद छातीचे पर आणि ओठांभोवतीच्या चार मिशा यांच्या आधारे तो जोरदार प्रवाहातही तळाला चिकटून चरतो. ट्रेंट, थेम्स आणि यॉर्कशायरमधील नद्या, म्हणजे पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या, हे त्याचे मूळ घर होय. सेव्हर्न नदीत तो 1956 मध्ये केनेट नदीतून आणून सोडण्यात आला आणि आज सेव्हर्न आणि वाय या दोन्ही नद्यांवर फ्लोटने बार्बेल धरणारे पुष्कळ आहेत. गळ लागताच हा मासा वर न येता डोके खाली घालून तळालगत प्रवाहात धावतो, आणि पुढील सारे विवेचन त्याच्या या एका सवयीभोवती फिरते.

तुटलेले टोक काय सांगते

मासा सुटल्यावर नवा गळ बांधण्याची घाई न करता तंगुसाचे, म्हणजे गळाच्या दोरीचे, टोक उजेडात धरून पाहावे. टोक डुकराच्या शेपटीसारखे कुरळे झालेले असेल तर गाठ सरकली आहे, आणि त्यात रॉडचा काहीही दोष नाही. टोक खरखरीत, पांढरट आणि त्यामागची काही इंच तंगूस ओरखडलेली असेल तर ती तळाच्या दगडावर किंवा शिंपल्यांवर घासली आहे. टोक स्वच्छ तुटलेले आणि बाकी तंगूस गुळगुळीत असेल तर तो झटक्याचा पुरावा मानावा. गळ परत आला पण त्याचे तोंड उघडले असेल, तर बारीक तारेचा गळ या माशासाठी अपुरा पडला असे समजावे. अळ्यांसाठी बनवलेले सोळा किंवा अठरा नंबरचे नाजूक गळ छोट्या माशांना शोभतात, बार्बेलला नव्हे.

गळ शाबूत परत आला आणि त्यावर एक खवला अडकलेला असेल, तर तो मासा तोंडात लागलाच नव्हता. आमिष म्हणून उकडलेले हेम्पचे (भांगेच्या जातीच्या झाडाचे) बी आणि अळ्या यांचा सतत मारा केला की बार्बेल तळाशी दाटीवाटीने जमतात. त्यांच्या अंगाला किंवा परांना तंगूस घासते, फ्लोट बुडतो, आणि आपण हिसका दिला की गळ पाठीत किंवा परात रुततो. असा मासा विलक्षण वेगाने धावतो, कारण त्याचे डोके मोकळे असते. पुष्कळांच्या आठवणीतले ‘थांबवताच न आलेले’ राक्षसी मासे खरे तर असेच मध्यम आकाराचे असावेत असा माझा अंदाज आहे. खवले वरचेवर येत असतील तर फ्लोटची खोली दोन-तीन इंचांनी बदलून पाहावी, आमिष थोडे कमी टाकावे आणि फ्लोटच्या प्रत्येक थरथरीला हिसका देणे थांबवावे.

आता स्वच्छ तुटलेल्या टोकाकडे वळू, कारण खरा गोंधळ तेथेच आहे. सहा पौंडी तंगूस म्हणजे सुमारे 2.7 किलो ताण सोसणारी. रॉडची ताकद ‘टेस्ट कर्व्ह’ या मापाने सांगितली जाते: बुडखा पक्का धरून शेंडा त्याच्याशी काटकोनात येईपर्यंत ओढण्यास जेवढे वजन लागते, ते त्या रॉडचे माप. बार्बेलसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दणकट फ्लोट रॉडांचे हे माप साधारण सव्वा पौंड, म्हणजे सुमारे 570 ग्रॅम असते. तेव्हा रॉड कमानीसारखा पूर्ण वाकलेला दिसत असतानाही माशावर पडणारा ताण बहुधा एका किलोच्या आतबाहेर असतो. शंका असल्यास तंगुसाचे टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून काटा कुंपणाच्या खांबाला अडकवावा आणि मित्राला आकडा वाचायला सांगून रॉड वाकवून पाहावा. जीव तोडून ओढल्यावरही काटा किती थोडा सरकतो हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो. गाठीमुळे आणि भिजल्यामुळे तंगुसाची ताकद घटते हे धरले, तरी संथ, सलग ताणाने सहा पौंडी तंगूस तुटणे अवघड आहे. ती तुटते ती झटक्याने, आणि झटका शोषून घेणे हे रॉडच्या वाकाचे काम आहे. ताठ रॉड घेऊन आपण तेच काम काढून टाकतो.

लांबी वाढली की हाताचा जोर का घटतो

लांब रॉड अधिक ताकदवान असतो, हा समज साध्या तरफेच्या हिशेबापुढे टिकत नाही. रॉडचा बुडखा कोपराखाली टेकवला आहे आणि रिळावरचा हात त्यापासून दोन फुटांवर आहे असे समजू. पंधरा फुटांचा रॉड सरळ असताना शेंड्यावर काटकोनात एक किलो ताण आला, तर तो पेलण्यासाठी हाताला साडेसात किलोचा जोर लावावा लागतो. सतरा फुटांच्या रॉडला साडेआठ किलो लागतो आणि बारा फुटांच्या रॉडला सहा किलो पुरतो. म्हणजे तेवढ्याच मेहनतीत लांब रॉड माशावर कमी ताण देतो आणि आपल्या मनगटावर अधिक.

रॉड खोलवर वाकला की चित्र बदलते. शेंडा माशाच्या दिशेने वळतो, तरफेची परिणामी लांबी कमी होते, आणि पंधरा फुटांचा रॉड नऊ फुटांच्या तरफेसारखा वागू लागला की तेच एक किलो पेलायला साडेचार किलोचा जोर पुरतो. म्हणून लांब रॉड जितका अधिक खालपर्यंत, मुठीच्या जवळपर्यंत वाकतो, तितका तो जबर माशाशी झुंजताना सोयीचा ठरतो. केवळ वरचा तिसरा हिस्सा वाकणारा आणि खाली ठोकळ्यासारखा ताठ राहणारा सतरा फुटी रॉड ही दोन्हीकडून तोट्याची वस्तू आहे: त्यात झटकाही शोषला जात नाही आणि हातही लवकर थकतो.

मग लांबी हवी कशाला, असा प्रश्न येईल. लांबी हवी असते ती फ्लोट ताब्यात ठेवण्यासाठी. शेंडा जितका पुढे आणि उंच, तितकी तंगूस पाण्याला न टेकता थेट फ्लोटपर्यंत जाते. ती पाण्यावर पसरली की प्रवाह तिचा मोठा बाक करतो, आमिष नैसर्गिक वेगाने वाहत नाही आणि हिसका दिल्यावर पहिली सगळी हालचाल तो बाक सरळ करण्यातच खर्ची पडते. स्थिर फ्लोट लावला असेल तर पाण्याची खोलीही लांबी ठरवते, कारण दहा-अकरा फूट खोल पाण्यात तेरा फुटी रॉडने फ्लोट लांब टाकणे कटकटीचे होते. तेव्हा हिशेब असा मांडावा: चार-पाच फूट खोल पाणी आणि प्रवाहाची रेघ काठापासून दोन रॉडांच्या अंतरात असेल, तर तेरा फूट पुष्कळ झाले. सात-आठ फूट खोली किंवा ट्रेंटसारखे रुंद पात्र असेल, तर चौदा-पंधरा फूट. सतरा आणि त्यापुढचे रॉड मी खोल, मोकळ्या काठाच्या जागांसाठीच सुचवीन, आणि तेही मासा मध्यम आकाराचा अपेक्षित असेल तेव्हा. झाडांच्या फांद्या खाली झुकलेल्या असतील तर हा सगळा हिशेब गुंडाळून ठेवावा. तेथे बारा फुटांपलीकडचा रॉड आडवा करता येत नाही, आणि जो रॉड आडवा करता येत नाही त्याच्यावर बार्बेल लावू नये.

बोलोन्या शहराच्या नावाने ओळखले जाणारे पाच ते सात मीटरचे घडीचे इटालियन रॉड आता वाय नदीवरही दिसतात. फ्लोट रोखून धरण्यात त्यांना तोड नाही. पण त्यांतले बरेचसे बारीक तंगुसासाठी बनवलेले असतात आणि पहिल्या धावेला तग धरण्याइतका जोर त्यांच्या मधल्या भागात नसतो.

दुकानात रॉड पाहताना तो हवेत सपासप हलवून काहीच कळत नाही. त्यापेक्षा दोन गोष्टी कराव्यात. आधी रॉड एकदाच झटकून शेंड्याची थरथर किती लवकर थांबते ते पाहावे. ती लांबत राहिली तर पाण्यावर तंगूस उचलून फिरवताना प्रत्येक वेळी फ्लोट हलणार. नंतर दुकानदाराला तंगुसाचे टोक धरायला सांगून रॉड हळूहळू वाकवावा आणि वाक कसा सरकतो ते पाहावे. आधी शेंडा, मग मधला भाग आणि शेवटी मुठीच्या वरचा हिस्सा असा तो क्रमाने उतरला पाहिजे, आणि कुठेही अचानक अडल्यासारखा वाटता कामा नये. तंगूस निवडण्यासाठी इंग्रज गळकरी रिचर्ड वॉकर यांच्या काळापासून चालत आलेला एक ठोकताळा आहे: टेस्ट कर्व्हला पाचाने गुणावे. सव्वा पौंडी रॉडला त्यानुसार सहा-सव्वासहा पौंडी तंगूस येते. कार्बनच्या आजच्या रॉडांना हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, पण सव्वा पौंडी रॉडवर तीन पौंडी अतिबारीक, न ताणणारी तंगूस लावून मग रॉडला दोष देणाऱ्यांना त्याची आठवण करून द्यावीशी वाटते. गळाजवळची तंगूस मुख्य तंगुसापेक्षा एक पौंड हलकी ठेवावी. मात्र त्या तुकड्यासाठी आधीच ताणून बारीक केलेला प्रकार वापरू नये, कारण तो झटका आणि घर्षण दोन्ही कमी सोसतो.

पहिली धाव

बहुतेक मासे पहिल्या काही क्षणांत सुटतात आणि त्याची तीन-चार नेहमीची कारणे आहेत. स्थिर चातीचे रीळ (चाती म्हणजे तंगूस जिच्यावर गुंडाळतात तो भाग) असेल तर त्याचा ब्रेक सुटतानाचा ताण आणि तो सुटल्यानंतर चालू राहण्याचा ताण यांत फरक असतो. कोरडा पडलेला किंवा रात्रभर आवळून ठेवलेला ब्रेक आधी अडतो आणि मग एकदम सुटतो, आणि त्या अडण्यातच तंगूस जाते. घरून निघण्यापूर्वी ब्रेक सैल करून, तंगूस हाताने ओढत तो पुन्हा बसवावा; आणि तोही रॉड वाकलेला ठेवून, कारण तंगूस ज्यांतून जाते त्या रॉडवरच्या कड्यांमधले घर्षण वाकलेल्या रॉडवरच कळते.

सेंटरपिन रिळाची गोष्ट निराळी. नॉटिंगहॅम हे या रिळांचे जुने माहेर. लाकडी ‘नॉटिंगहॅम रीळ’ तेथूनच सर्वत्र गेले. साडेचार इंची चाती एका फेऱ्यात फार तर चौदा इंच तंगूस देते वा घेते, दातेरी चाके मध्ये नसतात आणि ब्रेक म्हणजे आपला अंगठा. फ्लोट वाहवताना अंगठा चातीच्या कडेवर हलका टेकलेला असतो; हिसका देताना तो घट्ट दाबला जातो; आणि नेमक्या त्याच क्षणी बार्बेल धावतो. अंगठा उचलायला अर्धा क्षण उशीर झाला तर ताठ रॉड तो उशीर माफ करीत नाही, खोल वाकणारा रॉड बहुधा करतो. यावर सराव हाच उपाय आहे: हिसका संपताच अंगठा सैल सोडायचा आणि मग मासा किती मागतो हे पाहून पुन्हा टेकवायचा. उलट बाजूची चूकही तितकीच महाग पडते. चाती अगदी मोकळी सोडली तर ती माशापेक्षा वेगाने फिरत राहते, तंगूस चातीभोवती गुंतते आणि पुढच्या धक्क्याला सगळे अडते.

तंगूस ओढण्याची दिशा हा पुढचा मुद्दा. लांब रॉड हातात असला की तो डोक्यावर उभा धरण्याचा मोह होतो. त्याने मासा वर उचलला जातो, प्रवाहाचा सगळा दाब त्याच्या अंगावर येतो आणि तो अधिकच खाली दाबतो. रॉड पाण्याशी समांतर, काठाकडे झुकवून ताण बाजूने दिला की माशाचे डोके वळते आणि त्याची रेघ मोडते. मासा दुसरीकडे वळला की रॉडही डोक्यावरून दुसऱ्या बाजूला न्यावा. पंधरा फुटी रॉड असा वळवायला वेळ लागतो, म्हणून मासा वळण्याची चाहूल लागताच हालचाल सुरू करावी. मासा प्रवाहात खाली पंचवीस-तीस यार्डांवर गेला असेल तर जागेवरून ओढत राहणे निरर्थक आहे, कारण तेव्हा आपण माशाशी आणि नदीशी एकाच वेळी झुंजत असतो. काठ चालण्याजोगा असेल तर तंगूस गोळा करीत खाली चालत जावे आणि माशाच्या समोर किंवा त्याच्याही थोडे खाली पोचावे.

रॉड माशाच्या दिशेने सरळ रोखला गेला, की वाक संपला आणि सगळा भार तंगुसावर आला. अशा वेळी रॉड मागे खेचण्याऐवजी आधी तंगूस सोडावी, रॉडचा कोन परत मिळवावा आणि मगच ताण वाढवावा.

हातजाळ्याजवळ

काठाजवळ मासा सुटण्यापेक्षा रॉड मोडण्याच्या तक्रारी जास्त असतात आणि त्यांचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. मासा पायाशी आला, तंगूस रॉडपेक्षा आखूड गुंडाळली गेली आणि मासा जाळ्यात ओढण्यासाठी रॉड खांद्यामागे गेला. रॉडचा बुडखा आणि तंगूस यांमधील कोन काटकोनापेक्षा पुष्कळ कमी झाला, की सारा भार शेंड्याच्या पातळ नळीवर येतो आणि कार्बन तेथे सुरीने कापल्यासारखा तुटतो. त्याला कंपनीची हमी सहसा लागू होत नाही, आणि ते योग्यच आहे. उपाय जाळ्यापासून सुरू होतो: पंधरा फुटी रॉडला निदान तीन मीटर दांड्याचे हातजाळे हवे. शेंड्यापासून फ्लोटपर्यंत आणि गळापर्यंत मिळून रॉडच्या लांबीइतकी तंगूस बाहेर ठेवावी, जाळे आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरावे आणि रॉड उंच करून नव्हे, तर स्वतः एक-दोन पावले मागे सरून मासा जाळ्यावर आणावा. बार्बेलच्या पाठीवरच्या पराचा पुढचा काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि तो जाळ्याच्या मोठ्या भोकांत अडकतो, म्हणून बारीक विणीचे, मऊ जाळे घ्यावे.

उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट असते तेव्हा त्यात प्राणवायूही कमी असतो आणि लांबलेल्या झुंजीने बार्बेल पार दमतो. गळ पाण्यातच काढावा, मासा जाळ्यात प्रवाहाकडे तोंड करून विसावू द्यावा आणि तो स्वतः जोराने निघेपर्यंत सोडू नये. फार हलक्या तंगुसाने खेळवण्याचा शौक म्हणूनच उन्हाळ्यात टाळावा. इंग्लंडच्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून बंदी असते आणि 16 जूनला हंगाम उघडतो, म्हणजे बहुतेकांची पहिली झुंज ऐन कमी पाण्याच्या दिवसांतच होते.

सांधे आणि बैठक

काही रॉड कोणत्याही चुकीशिवाय मोडल्यासारखे वाटतात. त्यांचा तुटलेला भाग सांध्याजवळ असेल तर सांधा सैल झाला होता असे समजावे. दिवसभर फ्लोट वाहवताना आणि पुन्हा पुन्हा हिसके देताना तीन तुकड्यांचा रॉड किंचित पिळला जातो आणि सांधा मिलिमीटर-मिलिमीटरने बाहेर येतो. मग भार नळीच्या ओठावर पडून ती उभी चिरते. तासाभराने एकदा कड्या एका रेषेत आहेत का हे डोळ्याने पाहून सांधे दाबून घ्यावेत. आत खुंटी असलेल्या सांध्यात दोन नळ्यांमध्ये सुमारे एक सेंटिमीटर फट असणे स्वाभाविक आहे; ती फट मिटली असेल तर खुंटी झिजली आहे, आणि तिच्यावर मेणबत्ती घासल्याने तात्पुरते काम भागते.

बुचाच्या मुठीवर सरकत्या कड्यांनी बसवलेले रीळ तोल साधायला उत्तम असते, परंतु मोठ्या माशाच्या ओढीत ते हलते. त्यावर वीजजोडणीच्या चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत किंवा बार्बेलसाठी स्क्रूच्या बैठकीचाच रॉड घ्यावा. शेवटच्या कडीत कापसाचा बोळा फिरवून पाहावा. तंतू अडकले तर चिनी मातीच्या कड्याला तडा गेला आहे आणि गुळगुळीत तंगूस कापली जाण्याचे कारण तेथेच आहे. रॉड जोडण्यापूर्वी वरती विजेच्या तारा आहेत का तेही पाहावे. कार्बनमधून वीज वाहते, आणि तारांपासून तीस मीटरच्या आत गळ न टाकण्याची सूचना सतरा फुटी रॉड उभा करणाऱ्याने तरी विसरता कामा नये.